साखर गेली, भूक राहिली

दिल्लीत कोणाच्याही घरी, एखाद्या मंत्रालयातल्या दालनात किंवा वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन बसले की आधी पाण्याचा पेला पुढे येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘चाय फीकी लेंगे या मीठी?’ फीकी म्हणजे बिनसाखरेची. चार दशकांपूर्वी मी या शहरात आलो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नसे. चहा गोडच असे आणि पाहुण्याचा मान जितका मोठा, तितकी साखर अधिक. आज सहाजणांच्या बैठकीत चारजण ‘फीकी’ म्हणतात. मग खिशातून बोटाएवढी डबी निघते, बटण दाबताच एक पांढरी टिकली कपात पडते आणि फिका चहा पुन्हा गोड होतो. त्यानंतर मठरी, समोसे आणि काजूकतलीचे ताट फिरते. त्याला मात्र फारसे कोणी नाही म्हणत नाही.

त्या चौघांपैकी मी एक आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टरांनी सांगितले की हा मधुमेह नव्हे, पण मधुमेहाचा उंबरठा आहे. साखर बंद करा आणि वजन उतरवा. साखर मी त्याच दिवशी बंद केली. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे रोजची ५० ग्रॅम साखर आणि तिच्या २०० कॅलरी वाचल्या. या हिशेबाने वर्षभरात माझे वजन बरेच उतरायला हवे होते. चार वर्षांनी ते पाच किलोंनी वाढलेले होते.

या स्तंभात मी सहसा निवडणुका, अर्थसंकल्प आणि संसद यांवर लिहितो. जिभेवर लिहिण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता. तो आणला माझ्या नातीने. ती नोएडातील एका शाळेत सहावीत शिकते. गेल्या वर्षी त्यांच्या शाळेत ‘शुगर बोर्ड’ लागला आणि तो रंगवणाऱ्या मुलांत तीही होती. कोणत्या शीतपेयाच्या बाटलीत किती चमचे साखर असते, याची चित्रे तिने काढली होती. पुढच्याच रविवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो, तेव्हा तिने काळ्या रंगाचा, ‘झिरो’ असे लिहिलेला डबा उचलला आणि मला विचारले, ‘‘नानू, यात शून्य साखर आहे. आमच्या बोर्डाच्या हिशेबाने हे चालेल ना?’’

मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, त्यातून हा लेख उभा राहिला.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, मे २०२५ मध्ये आपल्याशी संलग्न असलेल्या २४ हजारांहून अधिक शाळांना असे फलक लावण्यास सांगितले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तशी सूचना केली होती. मंडळाच्या परिपत्रकात दिलेले आकडे गंभीर आहेत. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या कॅलरींपैकी १५ टक्के साखरेतून येतात. शिफारस आहे ५ टक्क्यांची. एकेकाळी प्रौढांचा समजला जाणारा टाइप-२ मधुमेह आता मुलांत आढळू लागला आहे, हे त्या परिपत्रकाचे मुख्य कारण.

त्यानंतर दोन महिन्यांनी एक छोटे वादळ उठले. आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावण्याचा सल्ला दिला होता. नागपूरच्या ‘एम्स’मधील तयारीच्या बातम्यांवरून देशभर अशी समजूत पसरली की समोसा आणि जिलेबी यांवर आता सिगारेटसारखे इशारे येणार. शेवटी मंत्रालयाला खुलासा करावा लागला की कोणत्याही भारतीय पदार्थावर इशारा छापण्याचा आदेश दिलेला नाही. जिलेबीच्या अभिमानाने देश क्षणभर एक झाला आणि मूळ प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचे आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. दिल्लीत हेच प्रमाण स्त्रियांत ४१.३ आणि पुरुषांत ३८ टक्के होते. देशाचे धोरण ठरवणारे शहर स्थूलतेतही देशाच्या फार पुढे आहे.

या पार्श्वभूमीवर स्वीटनर, म्हणजे साखरेशिवाय गोडी आणणारे पदार्थ, हा अगदी सोयीचा उपाय वाटतो. सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये अमेरिकेत लागला. अस्पार्टेम साखरेहून सुमारे २०० पट गोड आहे आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट. चिमूटभर पुरते, म्हणून कॅलरी जवळजवळ शून्य. जिभेला गोडी मिळाली आणि शरीराला कॅलरी मिळाल्या नाहीत, मग वजन का उतरू नये? याचे उत्तर एका शब्दात भूक असे आहे. आपण काय काढून टाकले एवढ्यावर वजन ठरत नाही. ते काढल्यानंतर उरलेल्या दिवसात आपण काय आणि किती खाल्ले, हेही त्यात मोजले जाते.

यावरचे प्रयोग मी वाचू लागलो तेव्हा प्रथम गोंधळलो, कारण ते एकमेकांशी भांडताना दिसतात. शांतपणे वाचल्यावर त्यांत एक सुसंगती दिसू लागली.

पहिली गोष्ट साखरेचीच. साखर शरीरात द्रवरूपाने गेली तर तिची नोंद नीट होत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. पंधराजणांना रोज ४५० कॅलरी आधी एका स्वरूपात आणि नंतर दुसऱ्या स्वरूपात, प्रत्येकी चार आठवडे दिल्या गेल्या. एकदा साखरेच्या चघळायच्या गोळ्या आणि एकदा शीतपेय. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी नकळत बाकीचे जेवण तेवढ्याने कमी केले. शीतपेय प्यायले तेव्हा जेवण कमी झाले नाही आणि वजन वाढले. चहा, सरबत, लस्सी आणि कोला यांच्यातली साखर आपल्याला जड जाते ती यामुळे. पोट तिला अन्न समजत नाही.

मग ही प्यायची साखर काढून तिथे स्वीटनर घातला तर? इथे त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डेन्मार्कमधील २००२ च्या प्रयोगात दहा आठवडे भरपूर साखरयुक्त पेये व पदार्थ घेणाऱ्या गटाचे वजन सरासरी १.६ किलोंनी वाढले, तर स्वीटनरयुक्त पदार्थ घेणाऱ्या गटाचे एका किलोने घटले. नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांना दीड वर्ष रोज पाव लिटरचे एक पेय देण्यात आले. काहींच्या पेयात साखर होती, काहींच्या पेयात स्वीटनर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वाढत्या वयानुसार सगळ्यांचेच वजन वाढले, पण साखरेच्या गटाचे सरासरी ७.३७ किलो आणि स्वीटनरच्या गटाचे ६.३५ किलो. एक किलोचा हा फरक लहान मुलाच्या शरीरात क्षुल्लक नसतो.

याच्या उलट सिंगापूरचा २०१७ चा प्रयोग आहे. तीस निरोगी पुरुषांना सकाळच्या मधल्या वेळी वेगवेगळ्या दिवशी साखरेचे, अस्पार्टेमचे, स्टीव्हियाचे आणि माँक फ्रूट या फळापासून केलेल्या स्वीटनरचे पेय दिले. दुपारचे जेवण हवे तेवढे घ्यायची मुभा होती. स्वीटनरच्या दिवशी माणसे जेवणात अधिक खात होती. संध्याकाळपर्यंतची बेरीज केली तेव्हा चारही दिवसांच्या एकूण कॅलरी जवळपास सारख्या निघाल्या. सकाळी वाचवलेले दुपारी खर्च झाले.

यामागचे शरीरशास्त्र आता थोडे उलगडू लागले आहे. साखर रक्तात उतरते तेव्हा ग्लुकोज वाढते आणि आतड्यांतून जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्रवतात; ती मेंदूला पुरे झाल्याचा निरोप देतात. वजन उतरवण्याची जी महागडी इंजेक्शने सध्या दिल्लीच्या श्रीमंत वस्त्यांत गप्पांचा विषय झाली आहेत, ती याच संप्रेरकाच्या कामाची नक्कल करतात. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ७५ जणांना वेगवेगळ्या दिवशी साखरेचे पाणी, सुक्रालोजचे पाणी आणि साधे पाणी देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुक्रालोजनंतर भुकेचे नियंत्रण करणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागातील रक्तप्रवाह वाढलेला दिसला आणि साखरेच्या तुलनेत लोकांनी अधिक भूक लागल्याचे सांगितले. साखरेनंतर निरोपाची जी संप्रेरके वाढली, ती सुक्रालोजनंतर वाढली नाहीत. जिभेने गोडीची वर्दी दिली, पण मागून अन्न आलेच नाही.

एका पेयानंतरच्या तासा-दोन तासांच्या मोजमापावरून आयुष्याचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. २०२४ मध्ये युरोपातील प्रयोगात फळांचे सारण भरलेली बिस्किटे देण्यात आली. त्यात साखरेऐवजी स्वीटनर घातला तरी भूक तेवढीच शमली आणि रक्तातील साखर मात्र कमी वाढली. बिस्किटात पीठ, लोणी आणि चावणे असते. कोलाच्या डब्यात यातले काहीच नसते. रिकाम्या पोटी एकट्या येणाऱ्या गोडीचा परिणाम अन्नाबरोबर येणाऱ्या गोडीहून वेगळा असू शकतो.

आपल्या चहाचे काय, याचाही अभ्यास आपल्याकडे झाला आहे. चेन्नईतील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने टाइप-२ मधुमेह असलेल्या १७९ जणांवर बारा आठवडे प्रयोग केला. निम्म्यांनी चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतले. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे वजन आणि कंबरेचा घेर किंचित उतरला, तर रक्तातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत लक्षणीय फरक पडला नाही. अपाय दिसला नाही आणि चमत्कारही दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हा सगळा पुरावा एकत्र ठेवून मे २०२३ मध्ये सल्ला दिला की वजन नियंत्रणासाठी स्वीटनर वापरू नयेत. नियंत्रित प्रयोगांत सरासरी पाऊण किलोच्या आतबाहेर वजन घटते, परंतु लोकांना त्यांच्या रोजच्या जीवनात वर्षानुवर्षे पाहिले असता फायदा दिसत नाही, उलट मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते. आधीच जाड असलेली माणसेच स्वीटनरकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे कठीण आहे. म्हणून संघटनेने हा सल्ला सशर्त ठेवला. ज्यांना मधुमेह आहे, त्यांना तो लागू नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा स्टीव्हिया मात्र त्यातून सुटलेला नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी अस्पार्टेम आणि कर्करोग या विषयावर जगभर मथळे झळकले. संघटनेच्या एका समितीने ‘शक्यता’ नोंदवली आणि दुसऱ्या समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. कर्करोगाच्या भीतीने सगळी चर्चा गिळली. भुकेचा अधिक रोजचा प्रश्न मागे पडला.

या सगळ्या प्रयोगांत एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेदरलँड्सच्या त्या ६४१ मुलांना आपल्या डब्यात साखर आहे की स्वीटनर, हे सांगितलेले नव्हते. दोन्ही पेये सारखीच दिसत होती आणि सारखीच लागत होती. आपण मात्र नेमके जाणतो. आपण टिकली टाकतो तेव्हा ती टाकल्याचे आपल्याला ठाऊक असते आणि ती बचत आपण मनातल्या वहीत जमा करून ठेवतो. संध्याकाळी ताट समोर आले की ती वही उघडते.

मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. वजन वाढल्यावर डॉक्टरांनी मला दोन आठवडे खाल्लेले सगळे लिहून ठेवायला सांगितले. त्या वहीत माझी चोरी पकडली गेली. चहातल्या २०० कॅलरी वाचत होत्या हे खरे. पण पाचच्या चहाबरोबर मूठ-दीड मूठ शेव-भुजिया जात होता, तो तेवढाच भरला. त्यावर आठवड्यातून तीनदा समोसा होता आणि लग्नसराईत ‘शुगर फ्री’ पाटीखाली मांडलेल्या काजूकतलीचे दोन तुकडे होते. काजूकतलीतून साखर काढली तरी काजू राहतात आणि त्यातली चरबीही राहते. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी असतात, चरबीच्या एका ग्रॅममध्ये नऊ. हे सगळे मला शाळेपासून ठाऊक होते. तरीही ती पाटी वाचली की माझा हात पुढे जात होता.

इथून हा विषय माझ्या वहीतून बाहेर पडून राष्ट्रीय धोरणाच्या दारात येतो, कारण ती पाटी कायद्याने मान्य केलेली आहे. अन्नविषयक दाव्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल, तर त्याला साखरमुक्त म्हणता येते. त्या पदार्थात तूप किती, मैदा किती आणि एकूण कॅलरी किती, याचा या दाव्याशी संबंध नाही. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत शून्य असते. स्वीटनरचे नाव मागे बारीक अक्षरांत, कित्येकदा ९५०, ९५१ किंवा ९५५ अशा आकड्यांसह दिलेले असते. सहावीतल्या मुलीने ते वाचून काय समजावे?

वेष्टनाच्या दर्शनी भागावर इशारा असावा की नाही, हा वाद दिल्लीत अनेक वर्षे रेंगाळला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये तारे देण्याचा मसुदा आणला. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर तीन महिन्यांत शिफारसी ठरवण्यास सांगितले आणि पुढे मुदतवाढही दिली. ताऱ्यांच्या पद्धतीतली अडचण आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. साखरेचे गुण वजा होतात, स्वीटनरचे होत नाहीत. बिस्किटातील साखर काढून सुक्रालोज घातले, की तारे वाढू शकतात. मेक्सिकोने २०२० मध्ये दुसरी वाट धरली. तिथे स्वीटनर असलेल्या पाकिटाच्या पुढच्याच बाजूला, त्यात स्वीटनर आहे आणि तो मुलांसाठी योग्य नाही, असे छापावे लागते. साखर हटवून उद्योगाने काय आणले, हे ग्राहकाला पाकीट न उलटता कळते.

करांची स्थिती तर आणखी विचित्र आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसवला. १०० मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. त्यामुळे उत्पादकांनी साखर झपाट्याने उतरवली आणि अनेकांनी तिच्या जागी स्वीटनर घातले. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यात साखर असो वा स्वीटनर, दर तोच. तीनशे तीस मिलिलिटरच्या डब्यात ३५ ग्रॅम साखर घालणाऱ्याला आणि दहा ग्रॅमवर आणणाऱ्याला सरकार सारखेच वागवते. साखर थोडी कमी करून एकूण गोडीच उतरवण्याचे बक्षीस कोणालाच मिळत नाही. त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम आणि नमकीन यांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. माझी शेव-भुजिया स्वस्त झाली.

यामागे कोणाचे कारस्थान आहे असे मी म्हणणार नाही. साखर हा या देशात शेतीचा, रोजगाराचा आणि मतांचा प्रश्न आहे. जगात सर्वाधिक साखर भारतात खपते आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला उसाचे राजकारण दिल्लीहून कोणी शिकवायची गरज नाही. केंद्राचे एक खाते २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त दर ठरवते आणि दुसरे खाते शाळांना साखरेचे फलक लावायला सांगते. दोन्ही आपापल्या जागी योग्यच आहेत. पण दोघांनाही अडचणीचे न ठरणारे उत्तर म्हणजे बाजाराने आणलेले ‘शून्य’ आणि म्हणून ते विनाचौकशी आत येते.

मग करावे काय? ज्यांना मधुमेह आहे आणि गोड चहा सुटत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने टिकली घ्यावी. साखरेपेक्षा ती त्यांच्यासाठी बरीच. जो रोज दोन बाटल्या कोला पितो, त्याच्यासाठीही साखरविरहित बाटली ही उतरणीची पहिली पायरी होऊ शकते. पण जे मूल अजून या सवयीत शिरलेलेच नाही, त्याच्या हाती ती देणे वेगळे. त्याला आपण साखरेपासून वाचवत असलो, तरी प्रत्येक तहानेला गोडच लागते हे शिकवत असतो.

धोरणकर्त्यांकडून तीन गोष्टी मागता येतील आणि त्यांपैकी एकीलाही फार पैसा लागत नाही. शीतपेयांवरील कर साखरेच्या ग्रॅमनुसार चढता असावा आणि स्वीटनरयुक्त पेयांना त्यातून पूर्ण सूट नसावी. पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ व चरबीच्या इशाऱ्याबरोबर स्वीटनरचा उल्लेख साध्या भाषेत असावा. आणि ‘शुगर फ्री’ असे लिहायचे असेल, तर त्याच आकाराच्या अक्षरांत एकूण कॅलरी लिहाव्यात. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. शाळांतील फलकांवर साखरेच्या चमच्यांखाली एक ओळ वाढवावी, की शून्य साखर म्हणजे पाण्याला पर्याय नव्हे.

माझ्यापुरते सांगायचे तर दोन वर्षांपूर्वी मी डबी ठेवून दिली. पहिले काही आठवडे चहा नकोसा वाटला. नंतर पाच कपांचे तीन कप झाले, कारण बाकीचे दोन मी गोडीसाठीच पीत होतो हे लक्षात आले. आता कोणाच्या घरी चुकून मीठी चाय आली तर ती पाकासारखी लागते. प्रत्येकाची जीभ अशी बदलेल असा माझा दावा नाही. त्यावरच्या प्रयोगांचा कौलही एकसारखा नाही. वजन तीन किलोंनी उतरले, पण त्याचे अधिक श्रेय पाचच्या ताटाला नाही म्हणण्याला आहे. ते अजून रोज जमत नाही.

नातीला मी पुढच्या रविवारी हे सगळे तिच्या भाषेत सांगितले. डब्यात साखर नाही हे तुझे म्हणणे खरे आहे, पण गोडी आहे आणि पोटाला त्यातून काही मिळत नाही. म्हणून ते कधीतरी, सणासुदीला प्यायचे. तहानेसाठी पाणी, आणि उन्हातून आल्यावर मीठ घातलेले लिंबूपाणी किंवा ताक. तिने ऐकून घेतले. मग हिशेबी चेहऱ्याने म्हणाली, ‘‘पण नानू, हे आमच्या बोर्डावर लिहिलेलं नाही.’’

तिचे म्हणणे बरोबर आहे. ते लिहिलेले नाही आणि लिहायला तिला कोणी सांगितलेलेही नाही. बोर्ड रंगवणाऱ्या मुलांना अर्धेच उत्तर देऊन आपण मोकळे झालो आहोत. उरलेले अर्धे सीबीएसई आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण यांच्याकडे आहे. दोघांचीही मुख्यालये दिल्लीतच आहेत, तिच्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर.